‘वाटे पडले’ : शिकारीनंतरच्या कामाविषयी

दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात ललित गद्य शिकवताना एक शिकारकथा वाचावयास घेतली होती. कथा नेहमीच्या घाटाची. रात्रीचे जागरण, मचाणावरची थंडी, पाचोळ्यातली खसखस, काळोखातून सरकत येणारे रानडुक्कर, बंदुकीचा बार आणि नंतरची ती परिचित शांतता. निवेदक खाली उतरतो, पडलेल्या जनावराकडे पाहतो, त्याला खिन्न वाटते आणि कथा संपते. या खिन्नतेविषयी मी बराच वेळ बोललो. मारणाऱ्याचा अपराधभाव, निसर्गाशी त्याचे द्वंद्व, मृत्यूच्या सान्निध्यात येणारे आत्मभान हे सगळे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, डुक्कर मेलं. मग ते घरी कोणी आणलं?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि तास संपवला.

ती विद्यार्थिनी माटुंगा लेबर कॅम्पातून येते. मी शिकवतो ते महाविद्यालय माटुंग्यातच आहे, परंतु रुळांच्या या बाजूला. या बाजूला फुलबाजार, देवळे, केळीच्या पानावरचे भोजन आणि भाडेकरूला पहिला प्रश्न आहाराविषयी विचारणाऱ्या सोसायट्या आहेत. त्या बाजूला अण्णा भाऊ साठे ज्या वस्तीत वावरले ती वस्ती आणि तिला लागून धारावीचे चामड्याचे कारखाने. माटुंगा हे नाव ‘मातंग’ या शब्दावरून आले, येथे कोण्या राजाचे हत्ती बांधले जात, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, राजाचा हत्ती आणि गावकुसाबाहेरचा माणूस या दोघांसाठी संस्कृतात हा एकच शब्द आहे, हे माटुंग्यातील रहिवाशांना सहसा सांगितले जात नाही. या शहराने १९७१ साली आपला कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला हलवला. मांस शहरात राहिले आणि त्यामागचे काम नजरेआड गेले. शिकारकथेनेही असेच काहीसे केले आहे काय, हा प्रश्न त्या दिवशी घरी जाताना मनात आला आणि तो अद्याप गेलेला नाही.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा थोडक्यात असा. शिकारीचा नैतिक विचार आपण जवळजवळ नेहमी मारण्याच्या क्षणाभोवती करतो : मारावे की मारू नये, मारणाऱ्याला काय वाटले, प्राण्याला काय वाटले असेल. परंतु मारणे हे काही क्षणांचे असते. त्यानंतरचे उघडणे, साफ करणे, तोडणे, वाटणे आणि वाहून आणणे हे काम काही तासांचे असते. त्याला अधिक हात लागतात, आणि प्राण्याच्या देहाची खरी ओळख त्याच कामात होते. साहित्यकृती जेथे थांबते तेथे तिने नैतिक हिशेबही थांबवलेला असतो. म्हणून शिकारकथा बारापाशी थांबते ही केवळ कलात्मक निवड आहे असे मला वाटत नाही.

हे काम शिकारकथांत क्वचितच वर्णिले जात असल्यामुळे ते येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. मी ते एकदाच पाहिले. साल १९९०, महिना कार्तिक, वय दहा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. आमचे थोरले काका परळच्या एका गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ते गावी परतले आणि त्यांनी माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली काढली. तिचा परवाना पिकाच्या राखणीचा होता. डुक्कर मारायला निराळी परवानगी लागते हे गावाला ठाऊक होते आणि ठाऊक नसल्यासारखे गाव वागत असे. तो गुन्हा होता, हे आरंभीच सांगून टाकतो.

हाका सकाळी घातला आणि बार झाला तेव्हा ऊन चढले होते. डुक्कर पऱ्याच्या काठी कोसळले. ऐंशी-नव्वद किलोचा नर. माणसे गोळा झाली, काकांच्या पाठीवर थापा पडल्या, कोणी विडी पेटवली. या वेळात मागून आलेल्या एका माणसाने कोणाशी न बोलता पाचोळा आणि वाळके गवत गोळा केले. त्यांच्याजवळ एक सुरी आणि एक कोयता होता. काका त्यांच्याहून वयाने लहान, पण त्यांना ‘अरे’ म्हणत. ते मला, दहा वर्षांच्या मुलाला, ‘तुम्ही’ म्हणत. त्यांची जात येथे लिहिण्याचे कारण नाही. गावाला ती ठाऊक होती.

जनावर मेले तरी त्याच्या देहातली ऊब लगेच जात नाही. जाड कातडे आणि चरबी ती आत कोंडून धरतात. आतड्यांत आंबण्याची क्रिया चालूच राहते आणि पोट फुगू लागते. कोकणातल्या दमट उन्हात उशीर झाला तर मांडीच्या हाडालगतचे मांस आधी बिघडते, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून घाई करावी लागते आणि घाई करून चालतही नाही. आधी जाळावर केस भाजून कोयत्याच्या धारेने कातडी खरवडली. मग जनावर उताणे करून पोटाला चीर दिली. पाते वरच्या अंगाला, टोक दोन बोटांच्या बेचक्यात, म्हणजे सुरी कातडे कापते पण आतड्याला लागत नाही. आतडे फुटले तर घाण मांसात मिसळते, मूत्राशय फुटले तर वास जात नाही, पित्ताची पिशवी फुटली तर काळीज कडू होते. गुदद्वाराभोवती कापून आतड्याचे टोक त्यांनी एका वेलीने बांधले. छातीचा पडदा कापला, हात कोपरापर्यंत आत घालून श्वासनळी तोडली आणि सगळा कोथळा एका ओढीत बाहेर काढला. काळीज पानावर ठेवून त्यावर पांढऱ्या गाठी आहेत का, हे बोटाने चाचपून पाहिले. जठर उघडून आतही पाहिले. काय पाहिले, ते त्या वेळी मला कळले नाही.

नंतर तोडणे. सांधा सापडला तर सुरी पुरते. न सापडला तर कोयता चालवावा लागतो आणि हाडांच्या कपऱ्या मांसात जातात. त्यांनी कोयता फार थोडा वापरला. प्लेटोने ‘फीड्रस’मध्ये विचारांचे विभाजन नैसर्गिक सांध्यांवर करावे, अडाण्या खाटकासारखे तोडू नये, असे सांगितले आहे, तत्त्वज्ञानातील एका मूलभूत पद्धतीची प्रतिमा या कामावरून आलेली आहे. आपल्या समीक्षेत मात्र कवितेचे ‘शवविच्छेदन’ हा आजवर निषेधाचाच शब्द राहिला. देह उघडणाऱ्याला देहाविषयी आदर नसतो, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत.

यानंतर वाटे घातले गेले. सागाच्या पानांवर अठरा ढीग. फऱ्याचे मांस, बरगड्या, चरबी, काळजाचा तुकडा हे सगळे प्रत्येक ढिगात थोडे थोडे. बंदुकीचा एक जादा वाटा, कुत्र्यांच्या मालकांचा एक, देवाचा एक. मग एक हाकारी ढिगांकडे पाठ करून उभा राहिला. दुसऱ्याने एका ढिगावर काठी ठेवून विचारावे, “ह्यो कुणाचा?”, आणि पाठमोऱ्याने एक नाव घ्यावे. ढीग दिसत नसल्यामुळे पक्षपात करता येत नाही. पुढे जॉन रॉल्सचा १९७१चा न्यायविषयक ग्रंथ वाचताना, आपले समाजातले स्थान ठाऊक नसताना माणसे कोणती तत्त्वे मान्य करतील, ही अज्ञानाच्या पडद्याची कल्पना मला विलक्षण ओळखीची वाटली. पऱ्याच्या काठी पाठ करून उभा राहिलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे होता. अनेक वर्षे ग्रामीण समतेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट मी वर्गात सांगत असे.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर ती पुन्हा आठवून पाहिली तेव्हा एक तपशील वर आला. पाठमोऱ्याने घेतलेल्या नावांत सुरी चालवणाऱ्याचे नाव नव्हते. त्यांचा वाटा आधीच ठरलेला होता : मुंडके आणि आतडी. तो चिठ्ठीत येत नव्हता, कारण तो वाटा नव्हताच. ती रीत होती. म्हणजे अज्ञानाचा पडदा होता, पण तो रिंगणाच्या आत होता. रिंगणात कोण उभे राहणार हे ठरवताना कोणीही पाठ फिरवलेली नव्हती. रॉल्सवरील टीकेत हा आक्षेप निरनिराळ्या रूपांत येऊन गेला आहे. मी तो पुस्तकात वाचला होता आणि तरीही माझ्याच आठवणीत मला तो दिसला नव्हता. स्मृतीसुद्धा रिंगणाच्या आतूनच पाहत असते.

आता काकांची कथा. ती मी पुढे पंचवीस-तीस वेळा तरी ऐकली. गणपतीत, लग्नघरी, परळच्या चाळीच्या गॅलरीत. काका उत्तम सांगत. त्यांच्या कथेची वाक्यरचना मला आता ठळक दिसते. ‘मी बार काढला. गोळी वर्मी बसली. डुक्कर कोसळलं. वाटे पडले. मटण घरी आलं.’ पहिल्या वाक्यात कर्ता आहे. गोळी आणि डुक्कर यांची क्रियापदे अकर्मक आहेत, पण तेथे कर्ता वाक्याबाहेर गेला तरी कथेबाहेर जात नाही. आधीच्या वाक्यातला ‘मी’ त्यांच्यामागे उभा असतो. ‘वाटे पडले’ या वाक्यामागे मात्र कोणीच उभे नाही. झाडावरून फळे पडावीत तसे वाटे पडतात आणि मटण जणू स्वतःच्या पायांनी चालत घरी येते. दीड तासाच्या चढणीवर गोणपाटात बांधलेले एक ओझे मी स्वतः वाहिले होते. मांस अजून कोमट होते आणि रक्त झिरपून सदरा पाठीला चिकटला होता. तरीही काकांची कथा माझ्या तोंडी आली तेव्हा ‘मटण घरी आलं’ असेच मी सांगत आलो. मराठीला अकर्मक क्रियापदांची ही सोय आहे आणि आपण तिचा वापर नेमका कोठे करतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. लिखित शिकारकथेतही मला हेच व्याकरण पुन्हा पुन्हा आढळते. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक तरुणपणी बंदूक घेऊन हिंडला आणि पुढे ती ठेवून वही-पेन्सिल घेऊन रानात गेला. परंतु असा बदलसुद्धा मारणाऱ्या आणि पाहणाऱ्या डोळ्यांतला बदल असतो. कोयता धरणाऱ्या हाताचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ही प्रवृत्ती आजची नाही. ‘शाकुंतला’चा आरंभ शिकारीने होतो आणि त्या शिकारीत हरिण मरतही नाही, आश्रमातले तपस्वी राजाला थांबवतात. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण सांगतो : शरीर हलके होते, चळत्या लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांच्या मनाचे विकार कळतात. मांस हा शब्द या स्तुतीत येत नाही. तो येतो विदूषकाच्या तोंडी. अवेळी सळईवर भाजलेले मांस खावे लागते, ही त्याची तक्रार. शिकारीतल्या मांसाची आठवण नाटकात ज्याला आहे तो हास्यास्पद ठरवलेला ब्राह्मण आहे. येथवर कालिदास परंपरेला धरून आहे असे म्हणता येईल.

पण सहाव्या अंकाच्या प्रवेशकात एक धीवर येतो. त्याला नाव नाही. राजाच्या नावाची अंगठी विकताना तो पकडला गेला आहे. नगररक्षक त्याच्या ‘शुद्ध’ व्यवसायाची थट्टा करतो. शिपायांचे हात त्याला ठार मारायला शिवशिवत आहेत. तो आपल्या कुळाच्या कामाची लाज न बाळगता, यज्ञात पशू मारणारा दयाळू श्रोत्रियही त्या कर्मात क्रूर असतोच, याची आठवण करून देतो आणि अंगठी कशी मिळाली ते सांगतो. त्याने एक रोहित मासा कापला; पोटात ही चमकली. ज्या अभिज्ञानावरून नाटकाला नाव मिळाले ते अभिज्ञान राजाच्या स्मृतीत नव्हते, ऋषीच्या तपात नव्हते, शकुंतलेच्या बोटातही नव्हते. ते माशाच्या पोटात होते आणि मासा कापणाऱ्याच्या हाती लागले. हरिणामागे धावणारा राजा नेमबाज खरा. परंतु त्याला विसरलेले जे आठवले ते दुसऱ्याच्या सुरीमुळे. या प्रवेशकाकडे विनोदी विराम म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. मला तो नाटकाचा सांधा वाटतो. (आणि बक्षिसाचा अर्धा वाटा शिपाई घेतात, हेही कालिदासाने नोंदवून ठेवले आहे.)

महाभारतात हाच प्रश्न अधिक उघडपणे येतो. वनपर्वात किरातरूपी शिव आणि अर्जुन एकाच वराहावर एकाच वेळी बाण सोडतात आणि शिकार कोणाची यावरून भांडतात. अर्जुन तर मृगयेच्या धर्माचा हवाला देतो. वराह मरताना राक्षसरूप घेतो, म्हणजे त्याचे पुढे काय करायचे हा प्रश्नच कवीने नाहीसा केला. त्या राक्षसाचे नाव मूक. दोन कर्त्यांच्या वादात पडलेल्या देहाला याहून नेमके नाव मिळाले नसते. त्याच पर्वात मिथिलेचा धर्मव्याध आहे. तो मांसाच्या दुकानात बसून कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म सांगतो : मी स्वतः मारत नाही, दुसऱ्याने मारलेले विकतो, नांगरणारा शेतकरीही भूमीतले असंख्य जीव मारतो, पूर्ण अहिंसक असा कोणी नाही. हा संवाद नेहमी उद्धृत होतो. त्याच्या पूर्वजन्माची कथा त्या मानाने कमी आठवली जाते. पूर्वजन्मी तो ब्राह्मण होता, एका राजाच्या मैत्रीमुळे धनुर्विद्या शिकला, राजाबरोबर शिकारीला गेला, आणि त्याचा बाण हरिण समजून एका ऋषीला लागला. त्या शापाने तो व्याध झाला.

म्हणजे महाभारताने बाण सोडणाऱ्याला मांसाच्या तराजूपुढे आणून बसवले. नेमबाजाने आपल्या नेमाचा परिणाम हातांनी हाताळावा, ही कल्पना मला नैतिक दृष्ट्या फार मोठी वाटते. पण त्याच कथेत ती बिघडतेही. हाताळणे ही शिक्षा ठरते आणि शिक्षा जन्म ठरते. मग ज्याने या जन्मी बाण सोडलाच नाही त्याच्या हाती सुरी का, याचे उत्तर तयार मिळते : त्याने पूर्वी कधीतरी सोडला असेल. वारकरी परंपरा या ठिकाणी अधिक धीट आहे. तिचा देव चोखोबांबरोबर ढोरे ओढू लागतो, सजन कसायाबरोबर मांस विकायला बसतो. त्याने सुरी धरल्याचे मात्र मला कोठे आठवत नाही.

पाश्चात्त्य विचारातही मारण्याच्या क्षणाची ही मोहिनी आहे. ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने १९४२ साली शिकारीवर लिहिलेल्या चिंतनात, क्रीडा म्हणून केलेल्या शिकारीत मृत्यू हे साध्य नसून शिकार खरोखर घडल्याची खूण आहे, असा युक्तिवाद केला. युक्तिवाद सुंदर आहे. परंतु खूण वाचून झाल्यावर उरणाऱ्या ऐंशी किलोंचे काय? कालाहारीतल्या कुंग लोकांविषयी रिचर्ड ली यांनी १९६९ साली जे लिहिले ते याच्या अगदी उलट टोकाला आहे. तेथे मांस वाहायला आलेली माणसे शिकारीची हेटाळणी करतात. एवढ्याशा हाडांसाठी आम्हाला का बोलावलेस, असे म्हणतात, आणि शिकाऱ्यानेही आपल्या शिकारीला क्षुल्लक म्हणायचे असते. मारणारा गर्वाने फुगू नये म्हणून ही वाणी. शिवाय मांस वाटण्याचा मान ज्याच्या बाणाने जनावर पडले त्या बाणाच्या मालकाचा, आणि बाण तर एकमेकांत सतत देवघेव होणारे. कथेचा कर्ता तेथे हेतुपुरस्सर विरघळवला जातो. आमच्या काकांच्या कथेतही कर्ता विरघळतो, पण भलत्या जागी.

देह उघडणे हे ज्ञान असते याचे आधुनिक उदाहरण जिम कॉर्बेट. मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीची त्याने सांगितलेली हकिकत १९५४च्या पुस्तकात आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा डोळा गेला होता आणि पुढच्या उजव्या पायात पन्नासएक काटे रुतले होते. त्यांतले काही हाडावर आपटून उलटे वळले होते. हे देह उघडल्यावाचून कळणारे तपशील नव्हेत. वाघ स्वभावाने नरभक्षक नसतो, जखम त्याला तसा करते, ही कॉर्बेटची सुप्रसिद्ध करुणा अशा तपशिलांवर उभी आहे. मारताना ती वाघीण गुन्हेगार होती. कातडे सोलल्यावर ती जखमी ठरली.

येथपर्यंतचा विचार मी त्या विद्यार्थिनीला ऐकवला. शिकारीनंतरचे काम हे ज्ञान आहे, त्याला प्रतिष्ठा दिली पाहिजे, असा माझा सूर होता. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, माझ्या पणज्याने ते काम सोडलं, म्हणून मी इथे बसलेय.”

या वाक्याने माझी निम्मी मांडणी कोसळली, आणि ती कोसळायलाच हवी होती. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याच्या पाण्याइतकीच ही गोष्ट मूलगामी होती, कारण येथे हक्क मागायचा नव्हता, लादलेला ‘हक्क’ टाकायचा होता. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढच्या आत्मकथनांत मेलेले जनावर, त्याची वाटणी, त्यासाठीची भांडणे आणि त्याची शरम वाचताना जाणवते की शिकारकथा जेथे संपते तेथून हे गद्य सुरू होते. एकाची कथा बारापाशी थांबते, दुसऱ्याची देहापाशी आरंभ पावते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये (२०१५) चान्या, वजडी अशा शब्दांनी जनावराच्या प्रत्येक भागाला नाव आणि कृती आहे. तो अवयवांचा कोश आहे, आणि तो कोश लिहिला जाण्यासाठी आधी ते काम नाकारण्याचे स्वातंत्र्य मिळावे लागले. हे दोन्ही वाङ्मयप्रवाह आपण स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत शिकवतो. एकाच जनावराचे ते दोन अर्ध आहेत, हे त्यामुळे कधीच दिसत नाही.

तेव्हा कामाला प्रतिष्ठा द्या, असे म्हणणे पुरेसे नाही; किंबहुना ते बाजूला राहून केलेले कौतुक आहे. मागणी ज्याने मारले त्याच्याकडे करायची आहे. ज्याने बार काढला त्याने पोट उघडावे, हात कोपरापर्यंत घालावा, ओझे स्वतःच्या पाठीवर घ्यावे, आणि कथा सांगताना हे सांगावे. ते त्याला जमत नसेल तर त्याच्या खिन्नतेवर मी पुन्हा तास घेणार नाही.

कायद्याकडे पाहिले तर गुंतागुंत आणखी वाढते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत प्राण्याच्या देहाचा कोणताही भाग काढून घेणेही धरले आहे. मांसाच्या व्याख्येत रक्त, हाडे, स्नायुबंध, चरबी, कच्चे वा शिजवलेले असे सगळे मोजले आहे. आपल्या शिकारकथांनी जे गाळले ते संसदेच्या मसुदाकारांनी क्रमाने लिहून ठेवले, ही मौजेची गोष्ट. पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी त्याच कायद्याखाली मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत ती सुलभ केली. पण मारलेल्या जनावराचा देह शासनाचा. केरळात २०२२पासून स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना अशी परवानगी देता येऊ लागली, तेथेही देह पुरून टाकावा लागतो. यामागचे कारण मला पटते : मांस घरी नेता आले तर प्रत्येक डुक्कर पिकाचे शत्रू ठरेल. तरीही मारणे कायदेशीर आणि देहाशी संबंध बेकायदेशीर, या व्यवस्थेत मारण्याचा क्षण पूर्वी कधी नव्हता इतका सुटा झाला आहे. वाटेच पडत नाहीत. सुरी कोणाच्या हाती, हा प्रश्न सुटला असे म्हणावे, तर खड्डा कोण खणतो हा प्रश्न लगेच उभा राहतो. आणि त्याचे उत्तर गावागावांत काय असेल याविषयी मला फारशी शंका नाही.

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो. काका आता नाहीत. सुरी चालवणारे ते गृहस्थही गेले. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. कांजूरमार्गला राहतो, महापालिकेत नोकरी करतो, तोही गणपतीसाठी आला होता. तो मला ‘सर’ म्हणतो, मी त्याला ‘तुम्ही’ म्हणतो. एका पिढीत एवढे झाले आहे. १९९०च्या त्या डुकराची त्याला आठवण असेल असे वाटले नव्हते. त्याच्या वडिलांनी ती हकिकत घरी सांगितली होती. तीत बंदूक नव्हती, हाका नव्हता, काका नव्हते. जठर उघडल्यावर वरीचे दाणे निघाले, अर्धवट चावलेले, कोंड्यासकट. त्या वर्षी वरकशीवर बाकी सर्वांनी नाचणी केली होती. वरी फक्त यांच्या तुकड्यात होती.

“बाबांनी कोणाला सांगितलं का?” मी विचारले.

“कोणाला सांगणार, सर? तोपर्यंत वाटे पडले होते.”